औंध : स्थानिक इतिहास आणि 'गावची माणसे' यांचा एक अभ्यास

प्रास्ताविक

महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात गडकोट, राजधान्या आणि मोठी शहरे यांना जे स्थान लाभले, ते लहान गावांच्या वाट्याला क्वचितच आले. गावाचा इतिहास म्हटला की ग्रामदैवताची आख्यायिका, एखाद्या सरदार घराण्याची वंशावळ आणि शेवटी 'गावचे थोर सुपुत्र' या शीर्षकाखाली दहा-बारा नावांची यादी, असा एक साचा आपल्याकडे रूढ झाला आहे. जत्रेच्या स्मरणिका, शाळांच्या सुवर्णमहोत्सवी अंकांतील लेख आणि अनेक ग्रामेतिहास याच साच्यातून निघालेले दिसतात. ही यादी कोणत्या निकषावर तयार होते, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही.

प्रस्तुत लेखकासमोर हा प्रश्न एका विद्यार्थ्याने उभा केला. इतिहास विभागाच्या अभ्याससहलीत औंधचे संग्रहालय पाहून झाल्यावर टेकडीच्या पायऱ्या उतरताना त्याने विचारले, "सर, ही सगळी मोठी माणसे औंधची म्हणता, पण यांतले औंधमध्ये जन्मलेले किती?" त्या वेळी समाधानकारक उत्तर देता आले नाही. परत आल्यावर नावे मांडून पाहिली, तेव्हा जन्माने औंधकर म्हणता येतील अशी माणसे मोजकीच निघाली. उरलेली सारी बाहेरून आलेली, काही वर्षे राहिलेली आणि पुष्कळदा निघून गेलेली होती. या निरीक्षणातून औंधच्या इतिहासाकडे पाहण्याची एक वेगळी दृष्टी मिळते असे वाटल्याने हा लेख लिहिला आहे.

स्थान आणि पूर्वपीठिका

औंध हे सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील गाव आहे. खटाव आणि माण हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. जिल्ह्याच्या पश्चिमेस महाबळेश्वरी पावसाचा कहर आणि पूर्वेस पाण्यासाठी वणवण, हा विरोधाभास सातारकरांना नवा नाही. औंध या दुष्काळी पट्ट्याच्या पश्चिम अंगाला आहे. गावालगतच्या टेकडीवर यमाई देवीचे मूळपीठ असून गावातही देवीचे मंदिर आहे. औंधासुर नावाच्या दैत्याचा देवीने वध केला आणि जोतिबाने तिला 'ये माई' अशी साद घातली, त्यावरून 'यमाई' हे नाव पडले, अशी लोककथा परिसरात सांगितली जाते. व्युत्पत्ती म्हणून ती तपासून घेण्याजोगी नाही. परंतु कोल्हापूरचा जोतिबा आणि औंधची यमाई यांना जोडणारे श्रद्धेचे एक जुने भूगोलसूत्र तिच्यातून दिसते, म्हणून तिची नोंद घ्यावी.

देवी ज्या घराण्याची कुलस्वामिनी, ते पंतप्रतिनिधींचे घराणे मूळचे किन्हईचे. छत्रपती राजाराम महाराजांनी जिंजीच्या मुक्कामी अष्टप्रधानांच्याही वरचे असे 'प्रतिनिधी' पद निर्माण केले. त्याचे पहिले मानकरी प्रल्हाद निराजी होत. पुढे हे पद किन्हईच्या परशुराम त्र्यंबक यांच्याकडे आले. मोगलांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धातील त्यांची कामगिरी सुविदित आहे. महाराणी ताराबाईंच्या पक्षात राहिल्यामुळे शाहू महाराजांनी त्यांना कैदेत ठेवले आणि नंतर पदही परत दिले. १७१८ मध्ये त्यांचे निधन झाले. पुत्र श्रीपतराव हे शाहू दरबारात बाजीराव पेशव्यांचे प्रतिस्पर्धी म्हणून ओळखले जातात. पेशवाईचे वर्चस्व वाढत गेले तसे प्रतिनिधींचे महत्त्व ओसरले.

या उतरत्या काळातील एक प्रकरण मात्र लोकांच्या स्मरणात राहिले. पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांच्याशी झालेल्या लढाईत परशुरामपंत प्रतिनिधींनी हात गमावला आणि ते 'थोटे पंत' म्हणून ओळखले जाऊ लागले. ते कैदेत पडल्यावर ताई तेलीण या स्त्रीने वासोटा किल्ला लढवला. पंतप्रतिनिधींच्या इतिहासात लोकांनी आपणहून लक्षात ठेवलेले नाव कोणाचे, असे विचारले तर ते ताई तेलिणीचे आहे. तिचे स्थान मात्र 'थोर सुपुत्रां'च्या यादीत नसते. सुपुत्र या शब्दातच ती बसत नाही!

१८२० मध्ये इंग्रजांशी झालेल्या तहाने पंतप्रतिनिधींची जहागीर कायम झाली. सातारचे राज्य खालसा झाल्यावर भोर, फलटण, जत, अक्कलकोट यांप्रमाणे औंधचाही थेट ब्रिटिश सत्तेशी संबंध आला.

विखुरलेले संस्थान

औंध संस्थानाचे वैशिष्ट्य त्याच्या नकाशात आहे. सुमारे ५०० चौरस मैलांचा आणि ७२ गावांचा हा मुलूख एकसंध नव्हता. औंध, आटपाडी, कुंडल आणि विजापूरकडील गुणदाळ अशा तुकड्यांत तो विखुरलेला होता. मध्ये ब्रिटिश मुलूख आणि इतर संस्थानांची गावे. राजधानीतून आपल्याच गुणदाळ तालुक्याला जायचे तर परक्या हद्दींतून जावे लागे. प्रशासनाच्या दृष्टीने ही अडचणच होती. मात्र औंधच्या विसाव्या शतकातील इतिहासाचा बराचसा उलगडा याच विखुरलेपणातून होतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

उद्योगांचे उदाहरण घेऊ. बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगरांचा कारखाना होता. नगरपालिकेने ती जागा सोडावयास सांगितली, तेव्हा औंधच्या अधिपतींनी त्यांना आपल्या संस्थानात जागा देऊ केली. ही जागा औंध गावात नव्हती, तर कुंडल रोड या रेल्वे स्थानकालगतच्या ३२ एकर माळावर होती. निवडुंगाने आणि सापांनी भरलेला तो माळ होता. १९१० मध्ये तेथे वसाहत उभी राहिली, ती किर्लोस्करवाडी. पुढे स्थानकानेही तेच नाव घेतले. काचेच्या कारखान्यासाठी आणि प्रभाकर कंदिलासाठी प्रसिद्ध झालेली ओगले बंधूंची ओगलेवाडी संस्थानाच्या पाठबळाने उभी राहिली, तीही कऱ्हाड रेल्वे स्थानकाजवळ.

कारण उघड आहे. लोखंड, कोळसा आणि तयार माल यांना रेल्वे लागते. पुणे-मिरज लोहमार्ग औंधला टाळून गेला होता. गावाला सर्वांत सोयीचे स्थानक रहिमतपूरचे, आणि तेही काही कोसांवर. त्यामुळे संस्थानाच्या तिजोरीचा आणि राजाच्या दूरदृष्टीचा औद्योगिक लाभ रेल्वेच्या रुळांलगत गेला. औंधच्या वाट्याला शाळा, छापखाना, चित्रे, कीर्तन, संगीत आणि व्यायाम आला. या दुसऱ्या प्रकारच्या गोष्टींना रेल्वे लागत नाही, पण आश्रयदाता लागतो. आणि आश्रयदाता गेला की त्या टिकवणे कठीण जाते. १९४८ नंतर किर्लोस्करवाडी चालू राहिली आणि औंध ओसरले, याचे कारण येथे शोधले पाहिजे. गावकऱ्यांच्या उदासीनतेला दोष देण्याची जी सवय आहे, ती इतिहासाला धरून नाही.

भवानराव पंतप्रतिनिधी

औंधचा विसाव्या शतकातील इतिहास म्हणजे बहुतांशी श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांचा कार्यकाल. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेतलेला हा राजपुत्र थोरल्या वारसाच्या ओळीतील नव्हता. पुतण्यास पदच्युत करण्यात आल्यावर १९०९ मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, तो गादीवर आला. तोवर चित्रकला, कीर्तन आणि व्यायाम हे त्याचे छंद पक्के झाले होते. राजा झाल्यावर त्याने छंद सोडून राज्य केले नाही. छंदच राज्यकारभारात आणले. हे त्याचे सामर्थ्य होते आणि, पुढे दिसेल त्याप्रमाणे, मर्यादाही.

सूर्यनमस्कारांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. तरुणपणी बाळासाहेब युजेन सँडो या पाश्चात्त्य मल्लाच्या पद्धतीने, त्याची पुस्तके आणि साधने मागवून, सुमारे दहा वर्षे व्यायाम करीत. त्यानंतर मिरजेच्या अधिपतींच्या सल्ल्यावरून ते नमस्कारांकडे वळले. त्यांनी या व्यायामाला निश्चित क्रम दिला, संस्थानच्या शाळांतून तो सक्तीचा केला आणि १९२८ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. १९३८ मध्ये लंडनहून निघालेल्या इंग्रजी आवृत्तीमुळे तो पाश्चात्त्य वाचकांपर्यंत गेला. आज जगभर योगवर्गांतून जो सूर्यनमस्कार शिकवला जातो, त्याच्या आधुनिक प्रसाराचा शोध घेणारे अभ्यासक औंधपर्यंत येऊन पोहोचतात. सूर्योपासना आणि नमस्कार घालण्याची प्रथा आपल्याकडे जुनीच होती. बाळासाहेबांनी तिला शालेय कवायतीचे रूप दिले. एका दुष्काळी तालुक्यातील शाळेचे मैदान ही या प्रसाराची एक आरंभभूमी होय.

चित्रकार म्हणून त्यांचे 'चित्ररामायण' १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. अजिंठा आणि वेरूळ यांवर त्यांनी पुस्तके लिहिली, अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू होण्यामागे त्यांनी जाहीर केलेली एक लाख रुपयांची देणगी होती. १९१९ मध्ये सुरू झालेले ते काम १९६६ मध्ये पूर्णत्वास गेले. एवढ्या लहान संस्थानाच्या उत्पन्नाशी ही रक्कम ताडून पाहिली म्हणजे तिचे मोल कळते. १९३५ च्या इंदूर येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले.

या साऱ्याचे दृश्य रूप म्हणजे १९३८ मध्ये मूळपीठाच्या टेकडीवर उभे राहिलेले श्रीभवानी वस्तुसंग्रहालय. राजा रविवर्मा, धुरंधर यांच्यापासून लघुचित्रांपर्यंतचा संग्रह, युरोपीय कलाकृतींच्या प्रतिकृती, औंधच्याच पाथरवटांनी घडविलेल्या मूर्ती आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे 'माता आणि बालक' हे शिल्प येथे एका छताखाली आहे. उंचावरून येणारा नैसर्गिक उजेड चित्रांवर पडावा, अशी इमारतीची रचना आहे. संग्रहाची निवड एका माणसाच्या आवडीची आहे आणि तीत एकसूत्रता शोधू नये. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मूरच्या शिल्पापेक्षा शेजारच्या पाथरवटी मूर्तींकडे पाहण्यास सांगावे, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभवजन्य आग्रह आहे. त्या मूर्ती घडविणारे हात याच गावाचे होते.

आलेले आणि गेलेले

पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर (१८६७–१९६८) सावंतवाडीजवळच्या कोलगावचे. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले चित्रकार. हैदराबाद, कांगडीचे गुरुकुल, लाहोर असा प्रवास आणि वेदविषयक राष्ट्रवादी लेखनामुळे ब्रिटिश सरकारची वक्रदृष्टी, या पार्श्वभूमीवर पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ते औंधला आले. येथे त्यांनी स्वाध्याय मंडळ उभारले. भारत मुद्रणालयातून वेदांच्या संहिता, भाषांतरे, 'वैदिक धर्म' आणि 'पुरुषार्थ' ही मासिके, संस्कृत आपले आपण शिकविणारी पाठ्यपुस्तके बाहेर पडू लागली. उत्तर भारतातील कित्येक वाचकांना महाराष्ट्रातील औंध हे नाव पुस्तकाच्या मुखपृष्ठावर 'औंध, जि. सातारा' असे वाचूनच ठाऊक झाले. सुमारे तीस वर्षे हे काम चालले. १९४८ च्या प्रारंभी गांधीजींच्या हत्येनंतर सातारा भागात ज्या जाळपोळीच्या घटना घडल्या, त्यानंतर सातवळेकरांनी औंध सोडले आणि गुजरातेतील पारडी येथे मंडळ पुन्हा उभे केले. त्या वेळी ते ऐंशी वर्षांचे होते. औंधमधून छापखाना गेला तो कायमचा. हे प्रकरण ग्रामेतिहासांत एका ओळीत उरकले जाते किंवा टाळले जाते. प्रतिभेला आश्रय देणारे गाव आणि तिला ठेवू न शकलेला तो काळ, दोन्ही एकाच इतिहासाचे भाग आहेत आणि दोन्ही लिहिले गेले पाहिजेत.

संगीतातील नाव अनंत मनोहर ऊर्फ अंतुबुवा जोशी (१८८१–१९६७) यांचे. ते किन्हईचे, म्हणजे पंतप्रतिनिधींच्याच मूळ गावचे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडून त्यांनी ग्वाल्हेर गायकीची तालीम घेतली आणि औंध दरबारी गायक म्हणून सेवा केली. त्यांचे चिरंजीव गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) गायक आणि व्हायोलिनवादक म्हणून देशभर गाजले. अंतुबुवांचे गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ आश्विन महिन्यात भरणाऱ्या औंध संगीत महोत्सवाची परंपरा १९४० पासूनची सांगितली जाते. गजाननबुवांच्या शिष्यपरिवाराने ती पुढे चालवली. संस्थान गेले, दरबार गेला, तरी ही एक गोष्ट टिकली. ती टिकण्याचे कारण ती दरबाराची नव्हती. गुरूच्या पुण्यतिथीची होती.

विद्यार्थ्यांची गोष्ट वेगळी. पालगडचा एक गरीब मुलगा शिक्षणाचा खर्च कमी म्हणून औंधच्या शाळेत आला, हाताने स्वयंपाक करून शिकला आणि प्लेगमुळे गाव सोडून गेला. तो मुलगा म्हणजे साने गुरुजी. 'धडपडणारा श्याम' या पुस्तकात औंधच्या दिवसांचे चित्रण आहे. पुढे शेटफळे-माडगूळ परिसरातील गजानन दिगंबर माडगूळकर (१९१९–१९७७) आटपाडी, कुंडल आणि औंध येथे शिकले. कोकणातला एक आणि माणदेशातला एक, असे दोन मुलगे या गावाच्या शाळेतून गेले आणि मराठी घराघरांत पोहोचले. राजाश्रयाने जे मोठे झाले त्यांची नावे आपण घेतो. परंतु शाळेची परवडणारी फी आणि राहण्याची सोय एवढ्याच आधारावर जे घडले, त्यांची संख्या कितीतरी अधिक असणार.

माडगूळकर बंधूंच्या संदर्भात आणखी एक मुद्दा. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' ही कादंबरी संस्थानी मुलखात घडते. तीतील तरुण मास्तर संस्थानच्या शाळेचा नोकर आहे आणि गावकऱ्यांनी बांधलेल्या तालमीच्या उद्घाटनाला राजा येतो. शिक्षण आणि व्यायाम यांना राज्यकारभाराचे अंग मानणाऱ्या या राजवटीची खालच्या पायरीवरून दिसणारी बाजू या कादंबरीत आली आहे. धनगरवाडीतून राजा कसा दिसत होता, हे कोणत्याही गॅझेटियरमध्ये सापडत नाही.

स्वराज्याचा प्रयोग

औंधचे नाव भारताच्या राजकीय इतिहासात ज्यामुळे आले, तो १९३८-३९ चा स्वराज्याचा प्रयोग. याचे तीन शिल्पकार होते. स्वतः राजा, त्यांचे बॅरिस्टर पुत्र अप्पासाहेब पंत (१९१२–१९९२), आणि मॉरिस फ्रिडमन (१९०१–१९७६) हा पोलंडमधील ज्यू अभियंता. फ्रिडमन म्हैसूर सरकारच्या बंगळूर येथील विद्युत कारखान्यात काम करण्यासाठी भारतात आला होता. गांधीविचार आणि अध्यात्म यांकडे ओढला गेलेला हा माणूस पुढे भारतानंद या नावाने ओळखला गेला आणि अप्पासाहेबांच्या मैत्रीतून औंधला आला. राजाने सत्ता प्रजेकडे सोपवावी, ही कल्पना मुळात त्याची होती असे मानले जाते.

१९३८ च्या अखेरीस राजाने तशी घोषणा केली. अप्पासाहेब आणि फ्रिडमन गांधीजींकडे गेले आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली राज्यघटनेचा मसुदा तयार झाला. जानेवारी १९३९ मध्ये ती अमलात आली. रचनेचा पाया गाव होता. गावाने पंचायत निवडावी, पंचायतींच्या अध्यक्षांची मिळून तालुका समिती व्हावी आणि तालुक्यांनी मध्यवर्ती विधिमंडळावर प्रतिनिधी पाठवावेत. न्यायदानाचेही पुष्कळसे काम गावपातळीवर सोपविण्यात आले. राजाने व्यक्तिगत खर्च कमी करावा आणि राजपुत्राने खेड्यांत राहून काम करावे, हा गांधीजींचा आग्रह होता.

येथे तुलना अटळ आहे. महाराष्ट्रात त्रिस्तरीय पंचायत राज १ मे १९६२ रोजी आले आणि त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली. औंधने त्रिस्तरीय रचना त्याआधी दोन-पाच दशके करून पाहिली, असे अभिमानाने सांगितले जाते आणि ते खरे आहे. पण दोन्ही रचनांत मूलभूत फरक आहे. आजच्या पद्धतीत गाव, तालुका आणि जिल्हा या तिन्ही पातळ्यांवर मतदार थेट मत देतो. औंधमध्ये तो फक्त गावापुरते मत देई. वरच्या पायऱ्या पंचायतींतून भरल्या जात. यात पक्षीय स्पर्धेला वाव कमी, हे गांधीजींना अभिप्रेतच होते. परंतु ज्या गावात पंच होण्याची मुभा व्यवहारात ठरावीक घरांनाच असते, तेथे अप्रत्यक्ष निवडणूक त्या घरांनाच वरपर्यंत नेते. जातिव्यवस्थेने बांधलेल्या गावात ग्रामस्वराज्य म्हणजे कोणाचे स्वराज्य, हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत खेड्याविषयी उपस्थित केलेला प्रश्न औंधच्या प्रयोगालाही लागू पडतो. प्रयोगाच्या गौरवपर लेखनात तो सहसा येत नाही.

दुसरी मर्यादा राजाच्या स्वभावात होती. नमस्कार सक्तीचे करणारा राजा एका हुकुमाने स्वराज्य देतो, यात एक विसंगती आहे. प्रजेने मागून, झगडून घेतलेले हे स्वराज्य नव्हते, तर सज्जन राजाने दिलेले होते. तरीही त्याला दिखाऊ म्हणता येणार नाही. १९४२ नंतरच्या काळात त्याची कसोटी लागली. संस्थानातील कुंडल हे साताऱ्याच्या प्रतिसरकारचे एक प्रमुख केंद्र बनले. तुफान सेनेचे जी. डी. बापू लाड (१९२२–२०११) कुंडलचेच. ब्रिटिश पोलिसांना संस्थानी हद्दीत थेट हात घालता येत नसल्याने भूमिगतांना येथे आसरा मिळे. विखुरलेल्या नकाशाचा असाही उपयोग झाला.

याच प्रयोगातून १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत निघाली. गंभीर गुन्ह्यांतील कैद्यांना भिंतीविना, कुटुंबासह, शेती करीत राहू द्यावे, ही कल्पना फ्रिडमनची. व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या चित्रपटामागे हीच वसाहत होती आणि त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची. औंधच्या शाळेत शिकलेल्या मुलाने औंधच्याच प्रयोगाची गोष्ट सांगितली. चित्रपट पाहणाऱ्या लाखोंपैकी औंधचे नाव किती जणांना ठाऊक झाले असेल, याची शंका आहे.

८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील इतर संस्थानांबरोबर औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. अप्पासाहेब पंत परराष्ट्र सेवेत गेले. नैरोबी, गंगटोक, जकार्ता, कैरो, लंडन असा त्यांचा प्रवास झाला. औंधमध्ये जे केले त्याची कहाणी त्यांनी १९८९ मध्ये इंग्रजी पुस्तकातून सांगितली. फ्रिडमन मुंबईत राहिले आणि निसर्गदत्त महाराजांच्या मराठी संवादांचे इंग्रजी रूप त्यांनी जगापुढे आणले.

नोंदींचा प्रश्न

विलीनीकरणाने औंधच्या इतिहासावर एक दूरगामी परिणाम केला, त्याकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. संस्थानाचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी गेले. औंध सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात आले. आटपाडी आणि कुंडल दक्षिण सातारा, म्हणजे पुढच्या सांगली जिल्ह्यात गेले. गुणदाळ आज कर्नाटकात आहे. आपला स्थानिक इतिहास मात्र जिल्हावार लिहिला जातो. गॅझेटियर जिल्ह्याचे, इतिहास परिषदांची सत्रे जिल्ह्यांची, विद्यापीठातील प्रबंधांचे विषयही बहुधा जिल्ह्यांच्या मर्यादेत. परिणामी सातारच्या इतिहासात औंधचा राजा आणि संग्रहालय येते. सांगलीच्या इतिहासात किर्लोस्करवाडी, स्वतंत्रपूर आणि प्रतिसरकार येते. आणि विजापूरच्या इतिहासात गुणदाळला औंधचे म्हणून ओळखण्याचे कारणच उरत नाही. ७२ गावांनी एकत्र जगलेला दहा वर्षांचा प्रयोग अशा रीतीने तीन जिल्हे आणि दोन राज्ये यांच्या फटींत पडला आहे. गुणदाळच्या कन्नडभाषक गावांनी पंचायतीचा हा प्रयोग कसा चालवला, हे मराठीतील अभ्यासकाने कन्नड येणाऱ्या सहकाऱ्याबरोबर जाऊनच पाहावे लागेल.

यातून मूळ प्रश्नाकडे परत येता येते. औंधची माणसे कोण? जन्मस्थान हा निकष लावला तर यादी राजघराण्यापुरती उरते. वास्तव्याचा निकष लावला तर सातवळेकर, अंतुबुवा, फ्रिडमन, साने गुरुजी हे सारे औंधचे होतात. प्रस्तुत लेखकाला दुसरा निकष अधिक योग्य वाटतो, पण तोही अपुरा आहे. ज्या माणसांनी औंध सोडले नाही, ज्यांच्यासाठी बाकीचे सारे आले असे म्हणायचे, ती माणसे दोन्ही याद्यांत नाहीत. १९३९ मध्ये पहिल्या पंचायतींवर निवडून आलेले पंच, मूर्ती घडविणारे पाथरवट, भारत मुद्रणालयात देवनागरी आणि वैदिक स्वरचिन्हांचे खिळे जुळविणारे कामगार, शाळांतून नमस्कार शिकविणारे मास्तर यांची नावे गावोगावी कोठे ना कोठे असली पाहिजेत. शाळांची जनरल रजिस्टरे, पंचायतींची जुनी दप्तरे, देवस्थानाच्या वह्या, घराघरांतील ट्रंका ही त्यांची ठिकाणे होत. वैदिक संहिता छापणे हे साधे काम नव्हे. स्वरांच्या उभ्या-आडव्या रेषा अचूक बसविणारा खिळे-जुळारी किती शिकलेला होता, तो कोणत्या घरातून आला, १९४८ नंतर तो पारडीला गेला की गावातच राहून शेतीकडे वळला, एवढे जरी कळले तरी आश्रयाचा अर्थ अधिक स्पष्ट होईल.

आमच्या विभागाने विद्यार्थ्यांच्या मदतीने हे काम छोट्या प्रमाणावर हाती घेतले आहे. पहिल्या टप्प्यात कागदांपेक्षा माणसांकडे जाण्याचे ठरविले आहे. विलीनीकरणाच्या वेळी मराठी शाळेच्या वरच्या वर्गात असलेली मुले आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. प्रश्नावली एकाच पानाची ठेवली आहे. सकाळी नमस्कार किती घालत होता, चुकल्यास काय होई, पंचायत कोठे भरत असे, तिच्यात कोण बसे, कोण बाहेर उभे राहत असे, आणि गावात मत कोणी कोणी दिले, एवढेच प्रश्न तीत आहेत.